पोकळ नळ्यांची भिंत

वेरूळच्या बाराव्या लेण्यात, तीन मजली ‘तीन ताल’मध्ये, कातळावर जुना मातीचा गिलावा अजून कुठे कुठे टिकून आहे. पुरातत्त्व खात्यातले माजी रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी त्या गिलाव्याचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. त्यांचा निबंध २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. गिलाव्यात त्यांना भांगेच्या झाडाचे तुकडे सापडले होते! अजिंठ्याच्या गिलाव्यात हे झाड त्यांना आढळलं नाही, आणि तिथला गिलावा किडींनी बराच पोखरला आहे.

वेरूळच्या कारागिरांना गिलावा टिकाऊ करायचा होता. पण त्याच झाडाची चुन्याशी जोडी आज वेगळ्याच कामासाठी जगभर जुळते आहे. ते काम म्हणजे घरात शिरणारी उष्णता अडवणं.

या नव्या अध्यायाची सुरुवात फ्रान्समधल्या नोजाँ-सुर-सेन या गावी झाली. तिथली जुनी घरं लाकडी सांगाड्याची. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची डागडुजी सिमेंटने झाली आणि भिंतीतली ओल आतच कोंडून लाकूड कुजू लागलं. ‘मेझाँ द ला तुर्क’ नावाचं असं एक घर १९८६ साली दुरुस्त करताना शार्ल राझेती यांनी सांगाड्याच्या चौकटी भांगेच्या खोडाचे तुकडे आणि चुना कालवून भरल्या. वाख सोलून घेतल्यावर उरणारा आतला लाकडी गाभा हा तोवर मुख्यतः गुराढोरांखाली अंथरायच्या कामाचा. आज या मिश्रणाला हेम्पक्रीट म्हणतात.

ते उष्णता अडवतं कसं? खरं तर हे काम वनस्पती करतच नाही, तिच्यात अडकलेली हवा करते. जिवंतपणी मुळांपासून शेंड्यापर्यंत पाणी चढवायला झाडाने खोडात केसाएवढ्या किंवा त्याहूनही बारीक नळ्या रचलेल्या असतात. खोड वाळलं की पाणी जातं, नळ्या तशाच उभ्या राहतात आणि हवेने भरतात. स्थिर हवेतून उष्णता काँक्रीटच्या मानाने पन्नास-साठ पट कमी वाहते. अट एकच, हवा हलता कामा नये. मोठ्या पोकळीत गरम हवा वर जाते, थंड खाली येते आणि उष्णता या भिंतीवरून त्या भिंतीवर पोचते. इतक्या अरुंद नळीत तिला फिरायला जागाच नसते. गोधडी ऊब राखते तीही थरांत कोंडलेल्या हवेच्या जिवावर. म्हणूनच हेम्पक्रीटमधून पार होणारी उष्णता काँक्रीटच्या साधारण पंधराव्या-विसाव्या हिश्श्याएवढी असते, आणि त्याचा एक घनमीटर अवघा तीन-चारशे किलो भरतो. काँक्रीटचा चोवीसशेच्या आसपास.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो या नळ्यांचा ओलाव्याशी चालणारा व्यवहार. हवा दमट झाली की बाष्प नळ्यांच्या भिंतींना चिकटून बसतं, कोरडी झाली की सुटतं. बाष्प सुटताना उष्णता शोषली जाते, चिकटताना बाहेर पडते. दुपारी बाहेरची बाजू तापते तेव्हा तिथली ओल उडू लागते आणि त्या उन्हाचा काही भाग त्यातच खर्ची पडतो. पाण्यासाठी घडवलेली रचना झाड मेल्यावरही पाण्याशीच देवघेव करत राहते, आणि तीही कुठल्याही यंत्राविना, विजेविना.

चुन्याचंही नवल आहे. भट्टीत चुनखडी भाजताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पण भिंतीतला चुना मुरता मुरता त्यातला काही भाग परत ओढून घेतो आणि हळूहळू दगड होत जातो. शिवाय त्याच्या तीव्र अल्कधर्मामुळे बुरशी नि वाळवी दूर राहते. इकडे वाळलेल्या खोडाच्या प्रत्येक किलोमागे झाडाने वाढताना हवेतला दीड किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड ओढलेला असतो. भिंत उभी आहे तोवर तो तिच्यात राहतो.

मात्र ही भिंत स्लॅबचा भार पेलत नाही. सांगाडा लाकडाचा किंवा लोखंडाचा लागतो, ती वाळायला कित्येक आठवडे जातात आणि पाया सतत पाण्यात राहिला तर ती कुजते. कोकणात बांधायची तर भिंतीपुढे आलेलं छप्पर आणि उंच जोतं हवंच.

भारतात भांगेच्या लागवडीला राज्याचा परवाना लागतो. उत्तराखंडने तो दिला, आणि पौडी गढवालमधल्या यमकेश्वर भागात हेम्पक्रीटचं घरही उभं राहिलं. पण पाणी वाहणाऱ्या नळ्या काही एकट्या भांगेत नसतात. विदर्भात कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटून बांधावर पेटवल्या जातात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने याच पऱ्हाट्यांचा चुरा दाबून बोर्ड करण्याची पद्धत बसवली आहे. भिंतीसाठी मात्र चुरा दाबून चपटा करायचा नाही, सैल ठेवायचा, म्हणजे नळ्या शाबूत राहतील. चुना आणि पऱ्हाटी, दोन्ही यवतमाळ-चंद्रपूरकडे हाताशी आहेत, आणि तिथेच मे महिन्यात पत्र्याखाली माणसं भाजून निघतात.