वेकबोर्ड : दोर, वेग आणि तोल

उरण तालुका तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेला आहे. मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याकडे लाँच सुटतात, करंजाहून रेवसकडे तर जातात, घारापुरीचे बेट याच तालुक्यात मोडते आणि १९८९ साली सुरू झालेल्या न्हावाशेवा बंदराकडे मोठी जहाजे ये-जा करतात. पाण्याशी पिढ्यान्पिढ्यांचे नाते असलेल्या या मुलखातील तरुणांना जलक्रीडेतून रोजगार मिळावा, ही अपेक्षा रास्तच होय. त्या क्रीडाप्रकारांपैकी वेकबोर्ड हा एक आहे.

वेगवान बोटीच्या मागे दोर धरून, दोन्ही पाय एकाच फळीवर बांधून, बोटीने उठविलेल्या लाटेवरून आडवे घसरत जायचे, असे त्याचे स्वरूप असते. पाण्यावरील स्कीइंग १९२२ साली अमेरिकेत सुरू झाले. त्याला लाटांवरील फळीची जोड मिळून १९८०च्या दशकात हा खेळ आकारास आला.

पहिला धडा पाण्यात नव्हे, वाळूवर घ्यावा. शिकणाऱ्याने उताणे पडून गुडघे छातीशी घ्यावेत, हात सरळ ठेवावेत आणि दुसऱ्याने दोर ओढताच फळीवर उकिडवे येऊन सावकाश उभे राहावे. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे हात वाकवून दोर स्वतःकडे खेचणे व घाईने उठणे. उठविण्याचे काम बोटीचे असते. शिकणाऱ्याने केवळ अंग आवरून थांबायचे असते. तोल गेला की मूठ तत्काळ सोडावी. प्रौढ नवशिक्यास ताशी २५ ते ३० किलोमीटरचा वेग पुरतो, मुलांना त्याहून कमी.

खरी पारख दोराची. मासेमारीच्या होडीवरील नायलॉनचा नाडा मजबूत असला तरी येथे उपयोगाचा नाही. तो ताणला जातो आणि सुटल्यास उलट फटका देतो. शिवाय पाण्यात बुडत असल्याने पंख्यात अडकण्याचा धोका राहतो. त्यासाठी न ताणणारा, तरंगणारा दोर हवा. नवशिक्यास १० ते १५ मीटर लांबी सोयीची, कारण आखूड दोराची ओढ किंचित वरच्या दिशेने बसते व उठणे सुलभ होते. दोर बोटीवर जितका उंच बांधावा, तितका हा लाभ अधिक. मात्र उंच खांब त्या बोटीसाठीच बनविलेला असावा. गावठी जोडकाम येथे चालणार नाही.

वेकबोर्डचा दोर हवा भरलेल्या ट्यूबला कदापि बांधू नये. एका व्यक्तीच्या ट्यूबसाठी सुमारे ६८० किलो, तर चौघांच्या ट्यूबसाठी सुमारे १,८६० किलो ताण सोसणारा दोर लागतो. किनाऱ्यावरील परवान्यांची पाहणी करणाऱ्यांनी हा फरक आवर्जून विचारावा.

बोटीवर तांडेलाखेरीज मागे पाहणारा दुसरा माणूस असलाच पाहिजे, कारण सुकाणू धरणाऱ्याने समोर पाहायचे असते. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, गळ्यावरून हात फिरविला की इंजिन बंद, या खुणा आधी ठरवाव्यात. पडलेल्या माणसास बोटीवर घेताना इंजिन पूर्ण बंद करावे. अंगाला घट्ट बसणारे जीवरक्षक जाकीट सर्वांनाच अनिवार्य मानावे; पोहता येते ही सबब येथे लागू पडत नाही.

१८ डिसेंबर २०२४ रोजी याच परिसरात, गेटवेहून घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिन-चाचणीत नियंत्रण सुटलेली नौदलाची वेगवान नौका आदळली आणि १५ जणांनी प्राण गमावले. बंदराच्या गजबजलेल्या पाण्यात वेगाचा खेळ मांडणे किती घातक ठरेल, हे यावरून ध्यानी यावे. ओहोटीला मोऱ्याजवळ गाळ उघडा पडतो आणि उधाणाच्या दिवसांत खाडीचा प्रवाह जोराचा असतो. म्हणून जागा निवडावयाची ती जहाजमार्गापासून दूर, पुरेशा खोलीची, भांगाच्या शांत दिवशी. पावसाळ्यात तर विचारच नको.

बोटीविनाही हा खेळ शिकता येतो. अनेक खांबांवरून फिरणाऱ्या तारेने ओढण्याची पद्धत जर्मन अभियंता ब्रुनो रिक्सन यांनी १९६०च्या दशकात रूढ केली. स्थिर पाण्याच्या तलावावर ती सोयीची पडते. तलाव पिण्याच्या पाण्याचा नसावा, हे ओघानेच आले. बोट हाकण्याचे व जीवरक्षणाचे रीतसर शिक्षण गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत मिळते. किनाऱ्यावर जलक्रीडा सुरू करण्यापूर्वी महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी घ्यावी लागते, आणि ग्रामपंचायतीने तो कागद प्रत्यक्ष पाहिल्यावाचून जागा देऊ नये.