फोक्सवॅगन टाइप २ कॅम्परचे उष्णतारोधन व ध्वनिरोधन

फोक्सवॅगन टाइप २ कॅम्परचे उष्णतारोधन व ध्वनिरोधन म्हणजे या जुन्या जर्मन निवासी व्हॅनच्या पोलादी पत्र्याला आतून योग्य साहित्याचे अस्तर देऊन उष्णतेची देवाणघेवाण व आवाज कमी करण्याची प्रक्रिया होय. आतील आवरणे काढलेली असताना ही दोन्ही कामे सहसा एकत्रच केली जातात. मात्र त्यांमागील भौतिक तत्त्वे भिन्न असल्याने कोणतेही एक साहित्य दोन्ही कामांना पुरेसे ठरत नाही. उष्णतारोधन चुकीच्या पद्धतीने केल्यास अस्तरामागे पाणी साठते आणि गाडी आतून गंजते. त्यामुळे बाष्पाचे नियंत्रण हा या कामाचा मध्यवर्ती भाग ठरतो.

पार्श्वभूमी

डच आयातदार बेन पॉन यांनी १९४७ मध्ये काढलेल्या एका रेखाटनातून टाइप २ या वाहनाची कल्पना पुढे आली. १९५० मध्ये वोल्फ्सबुर्ग येथे त्याचे उत्पादन सुरू झाले व १९५६ मध्ये ते हानोफर येथील कारखान्यात हलवण्यात आले. वाहनाची पहिली पिढी (टी१) जर्मनीत १९६७ पर्यंत, तर दुसरी (टी२) १९७९ पर्यंत तयार होत होती. वेस्टफालिया या कंपनीने १९५० च्या दशकाच्या आरंभापासून या गाडीसाठी निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेले अंतर्गत साहित्य पुरवले.

मुळात हे वाहन माल व प्रवासी वाहून नेण्यासाठी बनवले गेले होते. त्याच्या बाजू व छत म्हणजे मोठे, पातळ पत्रे असून खिडक्यांना एकेरी काच असते. इंजिन मागील बाजूस असून ते हवेने थंड होते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाभोवती पाण्याचे वेष्टण असते व ते काही आवाज शोषून घेते. येथे ते नसते आणि शीतक पंख्याच्या आवाजाचीही भर पडते. आत ऊब मिळावी म्हणून निष्कासनळीभोवती तापलेली हवा तळाखालील लांब नळीतून पुढे आणली जाते. वाटेत ती बरीच थंड होत असल्याने या नळीचे वेष्टण दुरुस्त करणे हा उष्णतारोधनाचा साधा, पण परिणामकारक भाग आहे. इंजिन बंद असताना मात्र ही ऊब मिळत नाही.

उष्णतारोधन

पोलादाची उष्णतावाहकता सुमारे ५० वॅट प्रति मीटर-केल्विन असते. मेंढीची लोकर, बूच, काचलोकर किंवा बंद पेशींचा फोम यांची वाहकता साधारण ०.०३ ते ०.०४, म्हणजे पोलादाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. या सर्व पदार्थांत खरे रोधन लहान लहान पोकळ्यांत अडकलेली स्थिर हवा करते. म्हणून साहित्य दाबून, ठासून भरल्यास त्याची जाडी व उपयुक्तता दोन्ही कमी होतात.

वक्र पत्र्यांवर लवचीक, बंद पेशींचा फोम चिकटवणे सोयीचे असते. चमकदार परावर्तक पडदा प्रारणाने येणारी उष्णता परतवतो. परंतु त्याच्यासमोर हवेची मोकळी फट नसेल, तर त्याचा हा गुण उपयोगी पडत नाही. भिंतींना अस्तर दिल्यानंतरही एकेरी काचा आणि उघडणाऱ्या छताचे कापड यांतून बरीच उष्णता जाते. त्यामुळे खिडक्यांच्या मापाचे जाड पडदे हे भिंतींच्या अस्तराइतकेच महत्त्वाचे असतात.

बाष्प व गंज

झोपलेल्या दोन प्रौढ व्यक्तींच्या श्वासातून व त्वचेतून एका रात्रीत साधारण अर्धा लिटर पाणी हवेत मिसळते. स्वयंपाकाचा गॅस जळताना त्यात भर पडते: १ किलो गॅस जळाल्यावर सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होते. २०° सेल्सियस तापमानाच्या व ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे १२° असतो. पत्रा याहून थंड असल्यास त्यावर पाण्याचे थेंब जमतात.

अस्तर दिल्यानंतर आतील उष्णता पत्र्यापर्यंत पोहोचत नाही आणि पत्रा पूर्वीपेक्षा अधिक थंड होतो. तंतुमय साहित्यातून किंवा सांध्यांतून बाष्प मागे गेले, तर ते तेथे नजरेआड थिजते. काचलोकर ओली झाल्यावर तिची रोधकता घटते व ती पाणी पत्र्यालगत धरून ठेवते. मेंढीची लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश ओलावा शोषून पुन्हा सोडू शकते; तथापि तो सुकण्यासाठी तिलाही खेळती हवा लागते. फोम पत्र्याला पूर्णपणे चिकटवून त्याचे सांधे बंद केल्यास बाष्पाला मागे जाण्यास वाट उरत नाही.

टाइप २ च्या उंबरपट्ट्यांत व दारांच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी छिद्रे असतात. ती बुजवणे किंवा पोकळ भागांत फुगणारा फोम भरणे हानिकारक ठरते, कारण काचेच्या रबरपट्टीतून झिरपलेले पाणी आतच अडकते. अशा पोकळ्यांत गंजरोधक मेण फवारले जाते. अस्तर बसवण्यापूर्वी गंज काढून पत्रा रंगवणे आवश्यक असते.

ध्वनिरोधन

गाडीतील आवाज तीन प्रकारे कमी केला जातो.

कंपशमन: मोठा सपाट पत्रा ढोलाच्या पानासारखा कंप पावतो. त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेली ब्युटाइल रबराची पट्टी चिकटवल्यास कंपनऊर्जेचे अल्प उष्णतेत रूपांतर होते. पत्र्याच्या मध्यभागाचा साधारण पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी मोठा फरक पडतो. संपूर्ण पत्रा झाकल्याने मुख्यतः वजन वाढते.

अडथळा: हवेतून येणारा आवाज वस्तुमानाने अडतो. पृष्ठभागाचे दर चौरस मीटर वजन दुप्पट केल्यास ध्वनी सुमारे ६ डेसिबेल अधिक रोखला जातो. म्हणून इंजिनावरील भागात जड, लवचीक चटई घालतात. परंतु अशा अडथळ्याच्या क्षेत्रफळाच्या केवळ १ टक्का फट उरली, तरी एकूण रोध २० डेसिबेलच्या पलीकडे जात नाही. दारांची झिजलेली रबरे बदलणे यामुळेच अनेकदा महागड्या चटईपेक्षा लाभदायक ठरते.

शोषण: मोकळ्या छिद्रांचा फोम किंवा लोकरीचा नमदा आतील प्रतिध्वनी कमी करतो. बंद पेशींचा उष्णतारोधक फोम या कामी फारसा उपयोगी नसतो.

सुरक्षितता

इंजिनकक्षात बसवलेले साहित्य ज्वालारोधक व तेल न शोषणारे असावे लागते, कारण कार्ब्युरेटर व इंधननळ्या तेथेच असतात. इंजिन हवेने थंड होत असल्याने हवा आत येण्याचे मार्ग मोकळे ठेवणे अनिवार्य आहे. सुटलेला अस्तराचा तुकडा पंख्यात ओढला गेल्यास इंजिन अतितप्त होऊ शकते. इंजिनाभोवतीच्या पत्र्यांची रबरपट्टी खालची तापलेली हवा वर येऊ देत नाही. तीही अखंड असावी लागते.

निवासी भागात फटी बंद केल्याने हवेचे नैसर्गिक चलनवलन घटते. गंजलेल्या उष्णता-विनिमयकातून किंवा शेगडीच्या अपूर्ण ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड आत साचू शकतो. हा वायू रंगहीन व गंधहीन असल्याने त्याचा सूचक बसवणे आणि वायुवीजनाची झडप उघडी ठेवणे आवश्यक असते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो बाहेर पडण्यासाठी तळाशी असलेली छिद्रे अस्तराखाली झाकू नयेत.

मूळ स्वरूपाचे जतन

जर्मनीत किमान ३० वर्षे जुन्या व मूळ स्वरूप राखलेल्या वाहनांना ऐतिहासिक वाहनाचा दर्जा व ‘एच’ अक्षर असलेली क्रमांकपट्टी मिळते. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या तुरिन सनदेतही मूळ भागांचे जतन आणि शक्य तेथे बदल पूर्ववत करता येणे, यांवर भर आहे. या दृष्टीने काढता येणारे पडदे, सुट्या चटया व आवरणामागील अस्तर स्वीकारार्ह ठरतात. पोकळ्यांत ओतलेला फोम मात्र पत्रा कापल्याशिवाय पूर्णपणे निघत नाही.