वलगावची तूरडाळ पुण्यात ऑनलाइन विकायचीय? आधी हे एक पान भरा! ‘बिझनेस मॉडेल कॅनव्हास’ म्हणजे काय?

ऑनलाइन व्यवसाय सुरू करायचा म्हटलं की पहिला खर्च होतो वेबसाइट नाहीतर ॲपवर. नाव ठरतं, लोगो तयार होतो, इन्स्टाग्रामवर पेज उघडलं जातं. पण नेमका ग्राहक कोण आणि एका ऑर्डरमागे हातात किती उरणार, हे प्रश्न मागेच राहतात. घरची बचत घालून किंवा कर्ज काढून धंद्यात उतरणाऱ्याला हे महागात पडतं. पैसे घालण्याआधी कागदावरच हिशेब तपासता यावा, यासाठी जगभर एक पानी आराखडा वापरला जातो. अमरावतीजवळच्या वलगावातून तूरडाळ विकायची, असं काल्पनिक उदाहरण घेऊन तो समजून घेऊया.

हा आराखडा आला कुठून?

अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर यांनी स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठात प्रा. इव्ह पिन्यर यांच्या मार्गदर्शनाखाली व्यवसायाच्या रचनेवर पीएचडी केली. त्यांचा प्रबंध २००४चा. पुढे दोघांच्या ‘बिझनेस मॉडेल जनरेशन’ या पुस्तकातून ‘बिझनेस मॉडेल कॅनव्हास’ जगभर पोहोचला. त्याचा कोरा नमुना इंटरनेटवर मोफत मिळतो. नाही मिळाला तरी वहीच्या आडव्या पानावर नऊ चौकोन आखले की काम भागतं.

नऊ चौकोनांत काय लिहायचं?

उजवी बाजू ग्राहकाची, डावी बाजू तुमच्या कामाची आणि तळाशी पैसा. डाळीच्या उदाहरणात पान असं भरेल:

• ग्राहक गट : पुण्यात नोकरीला असलेली वऱ्हाडी कुटुंबं. ‘सगळेच’ असं लिहू नका.
• ग्राहकाला काय मिळणार : गावाकडची, कुठून आली हे माहीत असलेली डाळ.
• पोहोचण्याचा मार्ग : व्हॉट्सॲपवर ऑर्डर, कुरिअरने घरपोच.
• ग्राहकाशी नातं : डाळ संपत आली की आठवणीचा मेसेज.
• उत्पन्न : डाळीची विक्री.
• साधनं : तूर घेण्यासाठी भांडवल, साठवणुकीची कोरडी जागा, वजनकाटा.
• कामं : खरेदी, निवडणं, पॅकिंग, पाठवणी.
• भागीदार : शेतकरी, दालमिल, कुरिअर.
• खर्च : माल, पॅकिंग, वाहतूक, जाहिरात.

एका चौकोनात दोन-तीन ओळींपेक्षा जास्त लिहू नका. जागा कमी असल्यानं मोघम लिहायला वाव राहत नाही.

खरी परीक्षा तळाच्या दोन चौकोनांत

आता एका ऑर्डरचा हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत. तुमचे आकडे दालमिल आणि कुरिअरवाल्याकडून घ्या.

समजा, एक किलोचं पाकीट २२० रुपयांना विकलं. डाळ १३०, पॅकिंग १२, कुरिअर ७०, ऑनलाइन पेमेंटचं शुल्क ५ आणि एक ग्राहक मिळवण्यासाठी जाहिरातीवर ६० रुपये. एकूण खर्च २७७. म्हणजे प्रत्येक पाकिटामागे ५७ रुपये तोटा. अशा ऑर्डर वाढल्या की धंदा नव्हे, तोटाच वाढतो.

गुरुग्रामच्या ‘पेपरटॅप’ या घरपोच किराणा देणाऱ्या कंपनीचं असंच झालं. गुंतवणूकदारांचा मोठा पैसा हाताशी होता, पण सवलती आणि पोहोचवण्याचा खर्च यांमुळे ऑर्डरमागे पैसे जात राहिले. एप्रिल २०१६मध्ये सेवा बंद झाली.

मग पान बदलायचं

आता एक किलोऐवजी पाच किलोची पिशवी ९५० रुपयांना ठेवा. कुरिअरऐवजी अमरावतीहून पुण्याला रोज जाणाऱ्या ट्रॅव्हल्सचं पार्सल वापरा. घरून डबे-पोती पाठवण्याची ही वाट वऱ्हाडातल्या घरांना नवी नाही. दहा पिशव्या एकत्र गेल्या, तर पिशवीमागे समजा ६० रुपये भाडं आणि पुण्यात वाटप करणाऱ्याला ३० रुपये. डाळ ६५०, पॅकिंग ३०. पैसे थेट यूपीआयने आले आणि ग्राहक ओळखीतून मिळाले, तर एकूण खर्च ७७० आणि हातात १८० रुपये. यात तुमची मजुरी अजून धरलेली नाही, हेही लिहून ठेवा.

माल तोच, गाव तेच. बदलले ते ‘मार्ग’ आणि ‘भागीदार’ हे दोन चौकोन. हा बदल कागदावर फुकटात झाला. गोदामात माल भरल्यावर तोच फार महाग पडला असता.

पुण्याची ट्रॅव्हल्स बुक करताना अनेकजण वापरतात त्या ‘रेडबस’नेही ग्राहकाचा चौकोन बदलला होता. बेंगळुरूतल्या तीन तरुण इंजिनीअरांनी आधी बसमालकांसाठी सॉफ्टवेअर बनवलं. बसमालकांनी त्यात रस दाखवला नाही. मग २००६मध्ये त्यांनी थेट प्रवाशांना तिकिटं विकायला सुरुवात केली.

‘लीन कॅनव्हास’ वेगळा कसा?

ॲश मौर्य यांनी नव्या स्टार्टअपसाठी याच पानात बदल केले. भागीदार, कामं, साधनं आणि ग्राहकाशी नातं हे चौकोन काढून समस्या, उपाय, महत्त्वाचे आकडे आणि दुसऱ्याला सहज नक्कल करता न येणारी जमेची बाजू हे चौकोन आणले. कल्पना अगदी नवी असेल तर हा नमुना सोयीचा. डाळीसारखा ओळखीचा माल असेल तर मूळ कॅनव्हास पुरतो.

पानावर काय दिसत नाही?

• हंगाम : तूर हिवाळ्यात निघते. वर्षभराचा माल तेव्हा घेतला तर पैसा अडकून पडतो. त्यासाठी महिनावार जमा-खर्च वेगळा मांडा.
• स्पर्धा : पुण्यातल्या किराणा दुकानातला डाळीचा भाव या पानावर येत नाही.
• कायदा : खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो. पाकिटावर वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, पत्ता हवा. २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळीवर १८ जुलै २०२२पासून जीएसटी लागू झाला. ऑनलाइन बाजारपेठेवरून करपात्र माल परराज्यात विकायचा तर उलाढाल कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. सीएला आधीच विचारा.
• कर्ज : बँक किंवा जिल्हा उद्योग केंद्रात सविस्तर प्रकल्प अहवालच द्यावा लागतो. कॅनव्हास ही त्याची पूर्वतयारी.

सुरुवात कशी कराल?

पेन्सिलने लिहा. प्रत्येक ओळीपुढे ‘माहीत आहे’ की ‘वाटतं’ अशी खूण करा. पहिल्यांदा ‘वाटतं’च जास्त निघतील. त्यातली सर्वांत धोक्याची ओळ आधी तपासा. आपल्या उदाहरणात ती ‘पुण्यातली कुटुंबं किलोमागे १९० रुपये देतील’ ही आहे. ती तपासायला ॲप लागत नाही. दहा पिशव्या आणि ओळखीची दहा घरं पुरेत. विकत घेणाऱ्यांपैकी किती जणांनी पुन्हा मागवली, ते पाहा. ‘छान आहे’ म्हणून कौतुक करणारे मोजू नका. दुसऱ्यांदा पैसे देणारेच मोजा आणि मगच वेबसाइटवाल्याला फोन करा.