हथनोराची कवटी: अर्ध्या हाडावर किती बोलायचं?

मागे हिंगोलीतल्या एका विद्यार्थ्याने विचारलं, "दादा, आपल्या कयाधूच्या काठी आदिमानवाची कवटी सापडेल का?" आपला काळा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, त्यात माणूस शोधू नका. शोधायचं ते नदीने टाकलेल्या गाळात. भारतातली सगळ्यात गाजलेली कवटीही अशाच गाळातली, नर्मदेच्या.

5 डिसेंबर 1982 ला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकियांना ती मध्य प्रदेशातल्या हथनोराजवळ, घट्ट झालेल्या गोट्यांच्या थरात मिळाली. मिळाली म्हणजे मुख्यतः डोक्याचा उजवा भाग. खालचा जबडा नाही, दात नाहीत. सोनकियांनी तिला होमो इरेक्टसची नवी उपजाती मानून 'नर्मदेन्सिस' असं नाव दिलं. 1991 मध्ये केनेथ केनेडी आणि सहकाऱ्यांनी तीच कवटी पुन्हा तपासली आणि म्हणाले, हा इरेक्टस नाही, प्राचीन होमो सेपियन्स आहे.

हाड तेच, मग नाव का बदललं? मेंदूच्या जागेचा अंदाज बघा: 1155 ते 1421 घनसेंमी. खालचं टोक इरेक्टसमध्ये बसतं, वरचं आजच्या माणसात! जे हाड नाहीच ते उरलेल्या हाडावरून ताणून काढायचं, त्यामुळे एवढी तफावत येते. म्हणून पेपर वाचताना आधी शोधा, मोजलेलं किती आणि भरून काढलेलं किती. मी स्वतः पहिल्या वर्षी फक्त निष्कर्ष वाचायचो. गाईडने तीनदा परत पाठवलं.

वयाचं त्याहून अवघड. कयाधूचा पूर ओसरल्यावर पात्रात बघा: कालची चप्पल आणि कुठल्या कुठला गोटा शेजारी शेजारी पडलेले असतात. गोट्यांच्या थराचंही तसंच. तिथल्या दुसऱ्या एका प्राण्याच्या हाडावरून किमान 2 लाख 36 हजार वर्षं निघाली. पुढे जनावरांच्या दातांची वयं मोजली तर ती एकमेकांशीच जुळेनात. शेजारच्या हाडाचं वय म्हणजे कवटीचं वय नव्हे.

नंतर मानववैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अनेक संख्यान यांना हथनोरालाच गळ्याखालची दोन आडवी हाडं मिळाली, बुटक्या माणसाची वाटावीत अशी. ती कवटीवाल्याचीच का? जुळवून बघायला मधलं एकही हाड हातात नाही.