बॅकअप आहे, पण धंदा पुन्हा सुरू होईल का?

"सगळा डेटा पेनड्राइव्हवर आहे, सर," असं डोंबिवलीतले बरेच दुकानदार सांगतात. पेनड्राइव्ह कुठे? गल्ल्यात! म्हणजे 26 जुलै 2005 सारखं पाणी कल्याण-डोंबिवलीत पुन्हा शिरलं, तर कॉम्प्युटर आणि कॉपी दोन्ही एकदमच बुडणार.

मोठ्या कंपन्या यासाठी दुसऱ्या शहरात राखीव सिस्टीम ठेवतात. तिला 'डिझास्टर रिकव्हरी साइट' म्हणतात. कुणी ती बाहेरून भाड्याने घेतं, कुणी स्वतःची उभारतं. स्वतःची म्हटली की खर्च आणि माणसं आपली, पण ताबाही आपला.

मात्र ताबा असून भागत नाही. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचं बघा. मुख्य सिस्टीम मुंबईत, राखीव चेन्नईत. तरी 24 फेब्रुवारी 2021 ला टेलिकॉम लिंक बिघडल्या आणि 11.40 ला व्यवहार थांबले, ते थेट 3.45 ला सुरू झाले. चार तास! चेन्नईची साइट होती, पण काम तिकडे हलवलंच नाही. मग सेबीने नियम कडक केले: 30 मिनिटांत आपत्ती जाहीर करा, त्यापुढच्या 45 मिनिटांत राखीव साइटवर जा. 2 मार्च 2024 ला, शनिवारी, खास सत्र ठेवून बाजार खरंच राखीव साइटवरून चालवून पाहिला.

आपल्याला सर्व्हर विकत घ्यायची गरज नाही. एवढं करा:

1. जागा: एक कॉपी घरी, एक क्लाउडवर.

2. चावी: क्लाउडचं अकाउंट तुमच्याच ईमेल आणि मोबाइल नंबरवर हवं. बिलिंगवाल्या मुलाच्या नंबरवर असेल, तर तो नोकरी सोडताना ओटीपी पण घेऊन जाईल.

3. निर्णय: सिस्टीम किती मिनिटं बंद राहिली की हाताने बिल फाडायचं आणि ते कोण ठरवणार, हे आधीच लिहून ठेवा.

4. तालीम: महिन्यातून एकदा दुसऱ्या लॅपटॉपवर कॉपी उघडा. कालच्या शेवटच्या बिलाचा नंबर जुळतो का? उधारीची यादी दिसते का?

जी कॉपी कधी उघडूनच पाहिली नाही, तिच्या भरवशावर लाखाची उधारी ठेवू नका. येत्या रविवारी दुकान बंद करायच्या आधी घड्याळ लावून करून बघा.