बेडकाच्या फुप्फुसातला जंत कुणाला लागतो?

पहिला पाऊस झाला की पुण्याजवळच्या निघोजे, महाळुंगे, भोसरीकडच्या कंपन्यांच्या आवारात भेक बाहेर पडतात. भेक म्हणजे पाठीवर चामखिळी असलेला, खरबरीत कातडीचा बेडूक. रात्रपाळीच्या दिव्यांखाली ते किडे टिपत बसलेले असतात. ‘त्यांच्या अंगात जंत असतात, हात लावलात तर पोरांनाही लागतील,’ असे सांगून कुणीतरी त्यांच्यावर मीठ टाकते. यातले पहिले वाक्य खरे आहे, दुसरे साफ चूक.

भेकाच्या फुप्फुसात रॅब्डियास नावाचे जंत राहतात. जगभर बेडूक, भेक, सरडे आणि सापांत त्यांच्या सुमारे 90 जाती सापडल्या आहेत. जंत साधारण सेंटिमीटरभर लांब आणि जवळजवळ पारदर्शक असतो. त्याने प्यायलेले रक्त शरीरातून काळसर रेघेसारखे दिसते. फुप्फुसातला प्रत्येक जंत मादीच्या रूपातला असतो, पण शुक्राणू आणि अंडी दोन्ही स्वतःच तयार करतो. अंडी श्वासनलिकेतून तोंडात येतात, गिळली जातात आणि विष्ठेवाटे अळ्या मातीत उतरतात. तिथे नर-माद्यांची एक वेगळीच पिढी जन्मते. त्या मादीच्या पोटातच पुढच्या अळ्या आईला आतून खातात आणि बाहेर पडतात. मग ओल्या मातीत त्या वाट पाहतात. भेक पोट टेकून बसला की त्याच्या कातडीतून आत शिरतात आणि फुप्फुस गाठतात.

माणसाचे फुप्फुस हे त्यांचे घर नव्हे. शाळांत सहसा 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला जंतनाशक अल्बेंडाझोलची गोळी देतात ती गोलकृमी, अंकुशकृमी अशा माणसाच्या जंतांसाठी. ते माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या माती-अन्नातून किंवा अनवाणी पायांतून येतात. भेक हाताळल्यावर हात धुवायचे ते दुसऱ्याच कारणासाठी: त्याच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींतला स्राव डोळ्यांत गेला तर चांगलीच आग होते.

बागेत दिसलेल्या प्राण्याला कुणी ‘सॅलॅमँडर’, म्हणजे बेडकाचा शेपटीवाला नातलग, म्हणते; ती बहुधा सापसुरळी असते. महाराष्ट्रात सॅलॅमँडर नाहीत. भारतात ते दार्जिलिंग-सिक्कीम आणि ईशान्येकडच्या डोंगरांत आहेत. जगात इतरत्र मात्र सॅलॅमँडरांतही रॅब्डियास सापडतात, आणि त्यांच्या जाती वेगळ्या आहेत. जपानी लालपोट्या न्यूट या सॅलॅमँडरमध्ये एक जाती, सायबेरियन सॅलॅमँडरमध्ये दुसरी.

यावरून प्रत्येक जंताला एकच यजमान चालतो असे वाटेल. अभ्यासकांचाही इथे बराच काळ घोळ झाला. ऑस्ट्रेलियात 1935 साली उसावरचे भुंगेरे खाण्यासाठी मूळचा मध्य-दक्षिण अमेरिकेतला भेक आणून सोडला. त्याच्या फुप्फुसातला जंत तिथल्या स्थानिक बेडकांकडूनच आला असे मानले जाई. 2008 साली डीएनएने दाखवले की तो भेकाबरोबरच त्याच्या मूळ मुलखातून आलेला आहे. दिसायला सगळे इतके सारखे की डोळ्यांनी फरक कळत नाही. पुढे प्रयोगशाळेत स्थानिक बेडकांना त्या अळ्यांच्या सान्निध्यात ठेवले. कातडीतून त्या अनेक जातींत शिरल्या, पण बहुतेकांत प्रौढ झाल्याच नाहीत. तरी ऑस्ट्रेलियातल्याच किंबर्ली भागातल्या एका मोठ्या हिरव्या वृक्षबेडकात त्या मजेत वाढल्या. या बेडकाचे भेकाशी जवळचे नातेही नाही. म्हणजे आत शिरणे सोपे, घर करणे अवघड, आणि कोण यजमान होईल हे फक्त नात्यावर ठरत नाही. आजवर कुणाची कुणाशी गाठ पडली यावरही ठरते.

जंत लागलेला बेडूक मरतोच असेही नाही. प्रौढ भेक सहसा निभावून नेतो. कोवळ्या पिल्लांचे मात्र हाल होतात. इंग्लंडमधल्या प्रयोगांत जंतांचा भार वाढला तशी पिल्ले कमी वाढली आणि काही दगावली.

मीठ टाकल्याने जंत जात नाहीत. भेकाच्या पाणी झिरपू देणाऱ्या कातडीची मात्र वाट लागते. दुसरी चूक प्रेमापोटी होते: पिशवीत भरून भेक दूरच्या टेकडीवर नेऊन सोडणे. भेकाबरोबर त्याचे जंतही जातात, तिथल्या बेडकांना कधी न भेटलेले. आपल्याकडच्या भेकाचेच भाऊबंद मादागास्करमध्ये तोआमासिना बंदराच्या परिसरात पसरल्याचे 2014 साली जगासमोर आले, आणि ते बहुधा मालवाहतुकीतून पोचले असे मानतात. याच पट्ट्यातल्या चाकणमधून रोज कंटेनर बंदराकडे जातात, म्हणून माल भरताना आत बसलेला भेक आधी बाहेर काढावा. पाण्याच्या टाकीत पडलेला भेक सापडला तर ओल्या फडक्याने उचलून त्याच आवाराच्या कडेला, झाडीत सोडावा.