कार्बनची नळी, नायट्रोजनची पकड

स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक, ही व्याख्या शाळेत सर्वांनीच पाठ केलेली असते. उत्प्रेरक ज्यावर बसतो त्या आधाराविषयी मात्र पाठ्यपुस्तके एखाद्या ओळीत बोलून मोकळी होतात. प्रत्यक्षात महागड्या धातूपासून किती काम मिळेल आणि ते किती काळ मिळत राहील, हे पुष्कळदा त्या आधारावर अवलंबून असते.

प्लॅटिनमचेच उदाहरण घेऊ. इंधनघटात एका बाजूने हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूने हवेतील ऑक्सिजन येतो. त्यांच्या संयोगातून वीज मिळते व पाणी उरते. विल्यम ग्रोव्ह यांच्या १८३९ च्या प्रयोगातही प्लॅटिनमच होते आणि आजही त्याला पूर्ण पर्याय सापडलेला नाही. ऑक्सिजनच्या बाजूची क्रिया स्वभावतःच मंद असल्यामुळे तेथे हा धातू अधिक लागतो. जगाला होणारा त्याचा बहुतांश पुरवठा एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतो, त्यामुळे काटकसरीला पर्याय नाही.

क्रिया घडते ती धातूच्या पृष्ठभागावर. आतल्या अणूंचा काहीच उपयोग होत नाही. एक सेंटिमीटर बाजूचा प्लॅटिनमचा घन घेतला, तर त्याचे वजन सुमारे २१ ग्रॅम आणि पृष्ठभाग अवघा ६ चौरस सेंटिमीटर भरेल. त्याच घनाचे तीन नॅनोमीटर बाजूचे, म्हणजे मीटरच्या तीन अब्जांशाएवढे, तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग २,००० चौरस मीटर होतो. शेतीच्या भाषेत सुमारे वीस गुंठे, अर्धा एकर! मात्र इतके सूक्ष्म कण एकटे राहत नाहीत. ते सरकतात, एकमेकांना चिकटतात. काही विरघळून शेजारच्या मोठ्या कणावर जाऊन बसतात. धातूचे वजन फारसे कमी होत नाही, पण अर्ध्या एकरातले गुंठे एकेक करून हातचे जातात.

म्हणून कणांना दूर दूर धरून ठेवणारा आणि वीजही वाहून नेणारा आधार हवा. रूढ आधार म्हणजे काजळीसारखी कार्बनची भुकटी. ती स्वस्त असते, परंतु घट चालू-बंद होताना तिचेच ऑक्सिडीकरण होऊन कार्बन डायऑक्साइड बनतो आणि धातूच्या कणाखालची जमीनच सरकते.

१९९१ मध्ये जपानमधील सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या सूक्ष्म नलिकांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून संशोधकांचे लक्ष तिकडे वळले. ग्रॅफाइटचा षट्कोनी जाळीचा पत्रा गुंडाळावा तशी या नलिकेची रचना असते. ती वीज उत्तम वाहते आणि काजळीपेक्षा अधिक टिकते. दोष एवढाच की, तिची भिंत फार तुळतुळीत असते. धातूला धरायला तेथे जागाच नाही. नायट्रिक आम्लात उकळून तिच्यावर ऑक्सिजनयुक्त गट बसविता येतात आणि त्यांना धातू चिकटतो. पण या धसमुसळ्या उपायाने भिंतच फाटते.

येथे नायट्रोजन उपयोगी पडतो. आवर्तसारणीत तो कार्बनचा शेजारी. आकार जवळजवळ सारखा, इलेक्ट्रॉन मात्र एक जास्त. नलिका वाढवितानाच लोहाच्या कणांवरून तप्त वायूबरोबर अमोनिया किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल सोडले, की काही कार्बन अणूंच्या जागी नायट्रोजन बसतो. अशा नलिकांत अनेकदा कळकाच्या पेरांसारखे आडवे पडदे तयार होतात. नायट्रोजन कोठे बसला, हेही महत्त्वाचे. जाळीच्या कडेला दोनच कार्बन अणूंशी जोडलेला नायट्रोजन आपली मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी धातूपुढे करतो. खरी पकड त्याची. तीन कार्बन अणूंमध्ये बसलेला नायट्रोजन जादा इलेक्ट्रॉन जाळीत सोडतो. त्यामुळे धातूचे कण लहान व सारख्या अंतरावर राहतात. शिवाय आधाराशी झालेल्या इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीमुळे ऑक्सिजनला धरण्याची धातूची रीतही बदलते. आधार येथे नुसता पाट राहत नाही, क्रियेत सहभागी होतो.

किती सहभागी? २००९ मध्ये लिमिंग डाय आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखविले, की अल्कधर्मी द्रावणात अशा नलिका प्लॅटिनमवाचूनही ऑक्सिजनची क्रिया उत्तम घडवितात. त्यावर वाद झाला. नलिका लोहावर वाढतात. धुऊनही त्याचा अंश मागे राहू शकतो, मग श्रेय नायट्रोजनचे की लोहाचे? ही शंका मला रास्त वाटते. निदान आम्लात तरी लोह आणि नायट्रोजन जोडीने काम करतात, याला पुष्कळ पुरावा आहे.

नायट्रोजन वाटेल तेवढा घालूनही चालत नाही. शंभर अणूंमागे तो मोजकाच असावा लागतो. अधिक झाल्यास जाळीची घडी विस्कटते, वीजवहन मंदावते आणि झीज वाढते. शिवाय या नलिका काजळीपेक्षा महाग पडतात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत इंधनघटांवर अनेक वर्षे संशोधन चालू आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये देशी बनावटीच्या इंधनघटावर चालणाऱ्या बसचे अनावरणही पुण्यातच झाले. शहरातील बस दिवसभर थांबते, निघते, पुन्हा थांबते. घटावरचा भार सतत चढत-उतरत राहतो आणि धातूची व आधाराची झीज होते ती अशाच वेळी. प्रयोगशाळेत म्हणूनच नव्या आधारावरील विद्युतदाब हजारो वेळा चढवून-उतरवून पाहतात आणि शेवटी मोजतात, सुरुवातीच्या वीस गुंठ्यांपैकी किती शिल्लक राहिले.